चित्राच्या जागचे शब्द

प्रिय लाझार,

हे पत्र तुझ्या लोकरी मोज्यांत कोंबून पाठवतेय, त्यामुळे कागद चुरगळलेला असेल. स्पासकाका आणि त्याची बचावपथकातली तीन माणसं माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलीत. दोर, फावडी, चिखलाचे बूट, सगळं माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पसरलंय. तरी मी कुणाला एका शब्दानेही बोलले नाही. यावरूनच ओळख, तुझी आई किती घाबरलीय ते.

वादळ सुरू झालं तेव्हा मी निवांत होते रे. डोंगरावरच्या तुझ्या विश्रामघराचा फोन लागत नाही म्हणून सगळा गाव कुजबुजत होता आणि मी रोज सकाळी संगणकावर त्याचं पान उघडून तुझ्या कॅमेऱ्याचं चित्र बघत होते. धुराड्यातून धूर निघतोय, अंगणातल्या दोरीवर तुझं लाल जाकीट वाळतंय, आणखी काय हवं? बेकरीतल्या द्राग्नाने विचारलं, "नेव्यांका, पोराची काही खबर?" मी तोऱ्यात म्हटलं, "खबर कसली विचारतेस? आत्ता त्याच्या चुलीचा धूर बघून आलेय मी." ती पाव बांधता बांधता थांबली. "अगं, एवढ्या वादळात जाकीट दोरीवर वाळतंय?" पाव तिथेच टाकून मी निघाले. चित्र शिळं होतं.

हे पानाचं सगळं तूच शिकवलं होतंस मला. शरद ऋतूत, मिरच्या भाजत बसलो होतो तेव्हा. हेडर म्हणजे पानाची टोपी, फूटर म्हणजे पायताण. सर्व्हर म्हणजे पान ठेवायचं कोठार. ते तिकडे सोफिया शहरात, पण कॅमेऱ्याचं चित्र तेवढं थेट तुझ्या विश्रामघरातून येतं. आणि कॅश म्हणजे फडताळातली बरणी. एकदा आणलेलं संगणक भरून ठेवतो, पुन्हा मागितलं की दुकानात न जाता त्यातलंच वाढतो. मी शाळेतल्या पोरीसारखं घडाघडा म्हणून दाखवलं, तेव्हा तू हसून म्हणालास, "आई, आता तुला नोकरी लागली बघ!" पण शब्द पाठ होणं वेगळं आणि तो आपल्यावर बेतणं वेगळं. आणि चित्राच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ काढून टाकलीस ना तू? आकड्यांनी चित्र घाण दिसतं, डिझाइन कसं स्वच्छ हवं, म्हणे! तुम्ही पानं बनवणारी माणसं, तुमच्या स्वच्छतेला आग लागो. ते आकडे असते तर शिळा धूर बघून मी स्वस्थ बसले असते का?

धावत घरी आले आणि शेजारच्या योआनाला हाक मारली. ती म्हणाली, "मावशी, थांब, बरणी रिकामी करून ताजं मागवते." तिने काय दाबायचं ते दाबलं. टोपी आली, पायताण आलं, मधे राखाडी चौकोन. धूर नाही, जाकीट नाही. चौकोनात तुझे शब्द होते: "घाबरू नकोस आई. चित्र गेलंय, मी नाही."

योआना टाळ्या पिटायला लागली. "बघ, त्याने निरोप ठेवलाय!" मी मात्र तिचे हात धरले. कारण मला ठाऊक होतं. प्रत्येक चित्रामागे चार शब्द लिहून ठेवायचे, म्हणजे संगणक ते वाचून दाखवतो, आंधळ्यालाही पान कळतं आणि चित्र आलं नाही तर ते शब्द दिसतात, हेही तूच सांगितलं होतंस. ते शब्द तू मिरच्यांच्या दिवसांत लिहिलेस, मला चिडवायला. या वादळाचं त्यांना काय माहीत? ते तसेच दिसतील, तू असलास तरी आणि नसलास तरी. असा पोकळ धीर माझ्या वाट्याला आयुष्यात दुसऱ्यांदा आला.

पहिल्यांदा तुझ्या बाबांच्या वेळी. हिमकडा कोसळला आणि स्पासकाकाने रेडिओवरून कळवलं, "नेव्यांकाताई, सगळं ठीक आहे." मला झोप लागावी म्हणून बोलला बिचारा. मी झोपलेही, आणि तुझे बाबा परत आलेच नाहीत. त्याचा राग नाही मला, पण त्याच्या "ठीक आहे"वर माझा विश्वास उरलेला नाही.

वारा पडलाय, आता वर तुझ्याकडे निघतील ही माणसं. तुझी इंटरनेटची डिश उडाली असेल म्हणून नवी घेऊन चाललीत. पिशवीत चीज भरलेली बानित्सा आहे आणि दर मार्चला शुभ म्हणून बांधतो तो लाल-पांढरा दोरा. मनगटावर बांध, या वर्षी बांधायला मी जवळ नाही. आणि पत्र यासाठी लिहिलं की स्पासकाका रेडिओवर काहीही सांगो, मी मानणार नाही. डिश लागली की तू स्वतः पानाची टोपी बदल. या दोऱ्यासारखी लाल-पांढरी कर, भडक, तुझ्या डोळ्यांना खुपेल अशी. असलं कुरूप काम तू आधीच करून ठेवलेलं असणं शक्य नाही, म्हणजे ते दिसलं की तूच ते आत्ता केलंयस. मी इथे पान उघडून बसलेय. दर वेळी बरणी रिकामी करून ताजं मागवतेय. योआनाकडून शिकून घेतलंय ते. टोपी अजून निळीच आहे, बाळा.

तुझीच,
आई