वरची माती

मयूरीचे बाबा,

हे नाव तुमाले ठाऊक नाही. लेक बारशाआधीच गेली, मंग मी मनातच ठेवलं.

आपल्या वावराखाली चुनखडी निंगाली. खाणीचा साहेब म्हणे, "बाई, जमिनीचा पट्टा तुमचा, पण खालचा दगड सरकारचा. त्याची लीज कंपनीला मिळाली. उद्या जेसीबी येईल. वरची माती खरडून ढीग लावू, तो तुमचाच." मी पाया पडली. म्हटलं, माही लेक पुरली हाये इथं, तेवढी जागा सोडा. तो म्हणे, "जागा दाखवा, सोडतो."

काय दाखवू? बाळंतिणीले तिथं कोन नेते? तुमीच माह्या मांडीवरून तिले उचललं, अन् मातीचे हात घेऊन वापस आले. मी इचारलं नाही. मंग तुमी गावच सोडलं. सकाळपासून वावर चाचपून राह्यली, कुठंच उमजत नाही. तुमचा फोन लागत नाही, पत्ता नाही. हे धाडू तरी कोठी?

तवा मी देवाले म्हनत होती, खड्डा खोल असू दे, नाहीतर कुत्रे उकरतीन. आता तुमी एवढंच म्हना, उथळ केला होता. म्हंजे त्या ढिगात तरी लेक माह्याजवळ राहीन.

बयना