पोत्यात घातलेला हात

नाबल, २५ मार्च १९९४

चि. तैय्यब यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. सुआदचं दुखणं हटलं, ती चुलीशी उभी राहायला लागली हे वाचून जीव भांड्यात पडला. तिच्या आजारपणात तू लेकीला, इश्राकला, वर्षभरासाठी माझ्याकडे धाडलंस, तेव्हा पोरगी तोंड उघडत नव्हती. आता बोलते. हळू बोलते, मधेच थांबते, खिडकीबाहेर बघते आणि मग राहिलेलं वाक्य उचलते. खरं काय ते त्या राहिलेल्यातच असतं. मी तोवर वाटाणे सोलते.

इकडे नारिंगाची फुलं बाजारात आली. फुलांचं पाणी काढायची आपली तांब्याची कत्तार मी घासून ठेवली आहे. या वर्षी ती इश्राकची. फुलं निवडणं, भाव करणं, जाळ सांभाळणं, सगळं तिने करायचं. मी फक्त लाकडं कुठे आहेत ते दाखवणार. मुलीने काढलेल्या पहिल्या पाण्याची पहिली बाटली बापाची, ही आपल्या घरची रीत तुला आठवत असेल. माझी बाटली बाबांनी महिनाभर कुणाला हुंगूही दिली नव्हती.

पुढच्या शनिवारी येतो आहेस, ये. पण एक ऐक. पुढच्या वर्षाबद्दल तिला तुझ्याशी काही बोलायचं आहे. काय ते मी सांगणार नाही. लहानपणी तू माझ्या ताटातला घास पळवायचास, हल्ली लोकांच्या तोंडातले शब्द पळवतोस. इथे असेपर्यंत तोंडात खजूर धरून बस.

सुआदला जप. रागावलास तरी पत्र टाक.
तुझी
मब्रूकाताई

केफ, ५ एप्रिल

ती. मब्रूकाताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू दिलेला मकरूदच्या मिठाईचा डबा सुआदने माझ्या हातून काढून घेऊन कपाटात कुलपात टाकला, म्हणजे तब्येत खरंच सुधारली.

बाजारातली गंमत सांगायची राहिली. इश्राक एका फुलवाल्या म्हातारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून उभी. म्हातारी खोळंबलेली, मागची गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, हे पोतं... आणि थांबल्या. लोक बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे होऊन म्हटलं की हे पोतं झकास आहे, घेतलं आम्ही, आणि म्हातारीच्या हातावर हात मारला. मिनिटात सौदा. अशाने पोरीला लोक विकून खातील, ताई. स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर चटकन बोलता यायला हवं.

पुढच्या वर्षाचंही बोलणं झालं. ती म्हणाली, बाबा, जूननंतर... मी म्हटलं, काळजी नको, जूनमध्ये मी स्वतः न्यायला येतो. तिने मान हलवली. झालं की नाही? तू उगाच खजुराचा टोमणा मारलास. बाटलीची वाट बघतोय, रोज कॉफीत त्यातले दोन थेंब टाकीन. कपाटात जागा करून ठेवली आहे.

धाकट्यावर लोभ असतोच, तो असाच असू दे.
तुझा
तैय्यब

नाबल, १२ एप्रिल

चि. तैय्यब यास,
अ. उ. आ.

बाटली येणार नाही. कारण लिहिते, शेवटपर्यंत वाच.

ते पोतं आतून गरम होतं. दवातली ओली फुलं दाबून भरलेली, वरून पांढरीशुभ्र, मधे कुजायला लागलेली. इश्राकच्या हाताला ते कळलं होतं. हे पोतं आतून तापलंय, नको, असं ती सांगणार होती. म्हातारीने तिचा चेहरा बघून मान खाली घातली होती म्हणे. तेवढ्यात तू हात दिलास. इथे हातावर हात पडला की सौदा मोडता येत नाही, हे तुला मी काय सांगू.

तिने ते पोतं निमूट घरी आणलं. फुलं चादरीवर पसरली तेव्हा मला वास यायला हवा होता, पण मी तुझ्या कुसकुसच्या वाफेत डोकं घालून बसले होते. तू गेल्यावर तिने कत्तार लावली. जाळ मंद, वाफ गार करायचं वरचं पाणी तापलं की लगेच बदललेलं, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि निघालेल्या पाण्याला सडक्या कोबीचा वास.

मी चिडले. माहीत होतं तर बाजारातच का बोलली नाहीस, म्हणून विचारलं. ती बराच वेळ बाटली पुसत बसली. मग म्हणाली, बाबांनी सगळ्यांसमोर हात दिला होता. मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, या माणसाला काही कळत नाही.

तुला तिच्या गप्प राहण्याची लाज वाटली, तैय्यब. ती गप्प राहिली तुझी लाज राखायला. हे लिहिताना मला रडू आलं, आणि मी सहसा रडत नाही.

बाकीचं पाणी मोरीत ओतलं. पहिली बाटली मात्र ती ओतू देत नाही आणि पाठवूही देत नाही. फळीवर मागे सारून ठेवली आहे. तिचं जूनचं वाक्यही अजून अर्धंच आहे. पुढच्या गुरुवारी ती तुला फोन करील. ते पुरं होऊ दे.

रागावले आहे, तरी बहीणच आहे.
मब्रूकाताई

केफ, २४ एप्रिल

ती. मब्रूकाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सुआदला वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यावर तिच्या हातात दिलं. उरलेलं तिने वाचलं. वाचून एवढंच म्हणाली, की माझ्याशीही तुम्ही असंच करता. ताई, मला लाजेने घरात बसवेना आणि बाहेर जाववेना. मुलीला धीट करायला हवं, असं मी चहाच्या दुकानात बसून लोकांना शिकवत होतो. आता तिकडून जायला नको म्हणून लांबच्या रस्त्याने घरी येतो.

फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर सुआदने दंडाला चिमटा काढला. तिचं बरोबर होतं. माफीच्या निमित्ताने पुन्हा मीच बोलत बसलो असतो. इश्राक म्हणाली, बाबा, मला घरी यावंसं वाटतं. आणि थांबली. उद्याच येतो, सामान बांध, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. खजूर जवळ नव्हता, मी बाहीचं टोक दातात धरलं. फोनमध्ये नुसती खरखर. मग ती म्हणाली, पण पुढचं वर्षही आत्याकडेच काढते. इथे मला सावकाश बोलता येतं. घरी माझं उत्तर माझ्याआधीच तयार असतं. सुट्टीला जूनमध्ये येईन, पण न्यायला येऊ नका, बस बदलून मी एकटी येईन.

तिने हलवलेल्या मानेला मी होकार समजून बसलो होतो. बऱ्याच वेळाने, बरं बाळा, ये, एवढंच म्हणता आलं. तोवर ती पलीकडे थांबली होती, मधे एक शब्द न बोलता.

आता एक काम कर. तिला सांग, येताना ती बाटली घेऊन ये. कपाटातली जागा तशीच आहे. वास कसाही असो, माझ्या कॉफीत तेच पाणी पडेल. ते तिने काढलंय, आणि नासवलंय मी.

माझी लायकी नसली तरी तुमची दोघींची माया राहू दे.
तुझा धाकटा
तैय्यब