वळणावरचा कोपरा मोकळा ठेवण्याबाबत

मी, वळणावरच्या बेकरीची मालकीण, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या मनाने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे; गुडघ्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. थोरल्याने आणून पाहिलं, ते पुढे येईलच.

माझी मिळकत म्हणजे दोन रस्त्यांच्या वळणावरचं घर, त्यात तळमजल्यावरची बेकरी, पुढचा मोकळा कोपरा, बँकेतली शिल्लक आणि कामाची भांडीकुंडी. घर सासऱ्यांकडून यजमानांना आलं, यजमानांकडून मला. मागे एक मुलगा, तोच थोरला, आणि एक मुलगी.

एक. तळमजला, बेकरी, विजेची भट्टी, पीठ मळायचं यंत्र आणि सगळे साचे मुलीला. ती पहाटे उठते. थोरल्याने पाव खाल्ले, भाजले कधी नाहीत. हा टोमणा नाही, वाटणीचं कारण आहे.

दोन. वरचा मजला थोरल्याला. शिल्लक दोघांना निम्मी निम्मी. सोन्याच्या दोन बांगड्या सुनेला. तिने त्या कधी मागितल्या नाहीत, म्हणून.

तीन. मागच्या अंगणात रचून ठेवलेल्या जुन्या भट्टीच्या विटा धाकट्या दिरांना. ती भट्टी त्यांच्या वडिलांनी स्वतः बांधली होती. ती पाडली त्या दिवसापासून दीर माझ्याशी बोलत नाहीत. "वहिनी, सरकार पैसा वाऱ्यावर उधळतंय आणि तुम्ही घर," हे त्यांचं शेवटचं वाक्य. वाक्य चांगलं होतं, मी ते पुष्कळांना सांगितलं. त्याच भट्टीच्या कोळशाच्या धुराने त्यांच्या भावाची, म्हणजे माझ्या यजमानांची, छाती गेली, हे ते विसरतात. विटांचा त्यात दोष नाही. त्या त्यांनी स्वखर्चाने न्याव्यात.

चार. कोपरा मोकळा कसा झाला हे लिहिल्याशिवाय पुढचं कोणाला कळणार नाही.

देशाने कोळसा कमी करून वाऱ्या-उन्हाची वीज उभारायची ठरवलं, ते मी रेडिओवर ऐकलं आणि पीठ चाळत राहिले. आकडे इतके मोठे होते की त्यांचा माझ्याशी काही संबंध असेल असं वाटलं नाही. मग बंदरापासून टेकड्यांपर्यंतच्या रस्त्यावर माणसं दिसू लागली. पुलाला खालून नवे खांब दिले. दिव्यांचे खांब मागे सरकवले. शाळेपुढची झाडं मुळांसकट उचलून पलीकडे लावली. हे सगळं टेकड्यांवरच्या पवनचक्क्यांसाठी. त्यांची पाती जहाजातून येणार आणि आमच्या वळणावरून वर जाणार.

एके सकाळी रस्त्याचं काम बघणारी इंजिनिअर मुलगी दुकानात आली. पाव घेतला आणि म्हणाली, "काकू, तुमच्या फरशीवर खडूने एक रेघ मारू?"

"मार की. पुसायची कोणी?"

"ती पुसायची नाही."

रेघ दारातून शिरली, भट्टीला मधोमध कापून खिडकीखाली भिंतीला टेकली. वळताना पात्याचं टोक तिथून जाणार होतं. पातं अखंड असतं, त्याची घडी होत नाही. नकाशावर आमचं घर होतं, पण भट्टीची खोली नव्हती. सासऱ्यांनी ती कोणालाही न विचारता पुढे काढली होती. दुसरा रस्ता नाही का, मी विचारलं. "आहे," ती म्हणाली, "पण डोंगर फोडावा लागेल." तिने आग्रह केला नाही, चहा मात्र घेतला. मी खोली दिली. बदल्यात विजेची भट्टी मिळाली.

पहिलं पातं पहाटे आलं. आधी शिट्टी, मग पिवळे दिवे, मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग ते वळणावर दिसलं. मोठ्या वस्तू मी पाहिल्या आहेत, जहाजही पाहिलं आहे. पण जहाज पाण्यात असतं. हे आमच्या गल्लीत होतं. पांढरं, गुळगुळीत, कुठे जोड म्हणून नाही. पुढचा ट्रक औषधांच्या दुकानापलीकडे दिसेनासा झाला तरी टोक अजून आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं. मागच्या चाकांशेजारून एक माणूस गळ्यात पेटी अडकवून पायी चालत होता. ती चाकं तो पेटीवरूनच वळवत होता. गल्लीत कोणी बोलत नव्हतं, आणि आमच्या गल्लीत असं कधी होत नाही. सासरे जिथे उभे राहत, यजमान राहत, मी राहत असे, त्या जागेवरून ते टोक हळूहळू सरकत गेलं.

"काकू, हात लावायचाय?" पेटीवाला म्हणाला. "थांबवतो जरा."

मी हात लावला. थंडगार होतं, आणि आत कुठेतरी अगदी बारीक थरथरत होतं. माझ्या हाताला पीठ होतं, पंजा उमटला. मी फडकं काढलं, तर तो म्हणाला, "राहू दे, वर कोण बघतंय." पहिल्याच पावसात तो धुऊन गेला असणार. मुलगी म्हणते, अजून असेल. तिला बेकरी दिली आहे, अक्कल तिने स्वतः कमवावी.

पुढे कित्येक पहाटे पाती जात राहिली. सवय होईल असं वाटलं होतं, झाली नाही. आता माझी भट्टी त्याच वाऱ्यावर चालते. ना निखारा, ना धूर, आणि पाव फुगतो. मुलीला यात विशेष वाटत नाही. मी अजून भट्टीचं दार उघडण्याआधी क्षणभर थांबते.

पाच. पाती थकतात, पंचवीसेक वर्षांनी बदलावी लागतात, आणि नवी येणार तीही याच वळणावरून. म्हणून पाती वर गेल्यावर पुन्हा बांधायची मुभा असूनही मी कोपऱ्यावर काही बांधलं नाही. थोरल्याला तिथे तीन गाळे काढायचे आहेत. काल वकिलांनी मसुदा वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "आई, तेव्हा तू असणार आहेस का?"

"नाही. म्हणून तर लिहून ठेवतेय."

"आणि तोवर तिथे काय, कुत्री झोपणार?"

"झोपू देत. शिट्टी वाजली की उठतात."

त्याने मसुद्याचा कागद पुढे ओढला. पण हा मुलगा हिशेबी आहे, मूर्ख नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "पुढची पाती याहून लांब निघाली तर? मावतील तुझ्या कोपऱ्यात?"

वकिलांनी पेन खाली ठेवलं. मी इंजिनिअर मुलीला फोन लावला. ती आता मोठ्या हुद्द्यावर आहे, तरी माझा फोन उचलते.

"लांब निघणारच, काकू. दर वेळी निघतात."

"किती लांब?"

"ते अजून कोणी बनवलेलंच नाही."

"बघ," थोरला म्हणाला. "मग कोपरा मोकळा ठेवून उपयोग काय?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी वकिलांना कलम खोडायला सांगितलं आणि नवं लिहवून घेतलं, ते असं:

कोपरा मी रस्ता म्हणून नगरपालिकेला देते. त्यावर कोणी काही बांधू नये. पुढच्या पात्यांना तो पुरला नाही तर बेकरीची दर्शनी भिंत काढावी. तीही पुरली नाही तर मागची खोली. वरचा मजला या भिंतींवर उभा आहे हे मला ठाऊक आहे. तळमजला आणि वरचा मजला दोघांना याच अटीवर मिळतो की, मोजायला आलेल्यांना अडवू नये, लागेल तेवढं घर द्यावं, आणि भरपाई सारखी वाटून घ्यावी.

थोरल्याने हे दोनदा वाचलं. "आणि अख्खंच लागलं तर?"

सहा. अख्खं घर लागलं तर द्यावं. नवं पातं येईल त्या पहाटे दोघांनी नातवंडांना उठवून समोरच्या फुटपाथवर उभं राहावं. लहान असतील त्यांना खांद्यावर घ्यावं. टोक पूर्ण वळून जाईपर्यंत कोणी घरी जायची घाई करू नये.

वरील सर्व मी वाचून घेतलं, समजून घेतलं, आणि साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघा साक्षीदारांना यात काही मिळत नाही. पाव उधार मिळतो, तो मिळत राहील.

ठिकाण: बेकरी, वळणावरचं घर
दिनांक: ९ मार्च २०२६

सही: बेकरीची मालकीण

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. औषधांच्या दुकानाचे मालक (सही)