खिडकीतला हॉटस्पॉट

२ फेब्रुवारी
निर्णय झाला. घरातलं वायरचं इंटरनेट बंद. यापुढे मोबाइल डेटा. माझा एक फोन, त्याचा हॉटस्पॉट, त्यावर अख्खं घर. कारण शुद्ध काटकसर. हिच्या ऑनलाइन चित्रकलेच्या क्लासशी याचा काडीचाही संबंध नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो. उगाच नंतर मलाच शंका यायला नको.

३ फेब्रुवारी
क्लास संध्याकाळी सातला. सरांना दाढी आहे. मान तिरकी करून बोलतात. बाकीच्या बायकांना मॅडम म्हणतात, हिला नुसत्या नावाने हाक मारतात. पुढे ताई नाही, काही नाही. आज चहा गाळताना ही म्हणाली, सर म्हणतात सावली काळी नसतेच मुळी. मग कशी असते, असं मी विचारलं. म्हणाली, बघायला शिकावं लागतं. बघायला! मला काय डोळे नाहीत?

४ फेब्रुवारी
वायरवाल्यांचा माणूस राउटर काढून घेऊन गेला. जोडायला महिना लावला होता, काढायला तासात हजर. मी स्वतः लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात आहे, त्यामुळे असल्या गोष्टी मनाला लावून घेत नाही. कन्या म्हणाली, बाबा, हा शुद्ध वेडेपणा आहे. तिला म्हटलं, वायरची गुलामी किती दिवस करायची? ती म्हणाली, तिच्या फोनमध्ये तिचा डेटा आहे आणि संध्याकाळी ती लायब्ररीत असते, आमचं आम्ही बघून घ्यावं. हिच्या सिमला तर घरात रेंजच येत नाही. थोडक्यात, नळ माझ्या हातात.
ही नुसती माझ्याकडे बघून हसली. पटलेलं दिसतं.

६ फेब्रुवारी
डेटा रोजचा मोजूनमापून मिळतो. संपला की स्पीड गोगलगायीचा. जेवणाच्या सुट्टीत परदेशातल्या उंच उंच लिफ्टचे व्हिडिओ पाहिले. मग बसमध्येही पाहिले. निव्वळ व्यावसायिक ज्ञानासाठी. घरी पोचेपर्यंत डेटा संपला, त्याला माझा इलाज नाही.
सात वाजता हिच्या टॅबवर सर आले आणि तसेच अडकले. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला. बरं वाटलं. म्हणजे हिच्यासाठी वाईट वाटलं.
मग सरांनीच तोडगा काढला. व्हिडिओ बंद करा, नुसतं ऐका. आणि ही डोळे मिटून ऐकायला लागली.

७ फेब्रुवारी
सरांचा आवाज खर्जातला आहे. व्हिडिओत ते लक्षात येत नव्हतं. व्हिडिओत निदान त्यांच्या मागची वाळत घातलेली बनियन दिसायची. आता नुसता आवाज, बाकी सगळं हिने मनाने रंगवायचं. ही तासभर डोळे मिटून ऐकत होती. माझं बोलणं ऐकताना ही डोळे मिटते तेव्हा झोपलेली असते.
योजनेत किरकोळ सुधारणा करावी लागेल.

९ फेब्रुवारी
हॉलमध्ये सरांचा आवाज तुटतो. मी मुळीच काही केलेलं नाही. हिने माझा फोन घेऊन सगळं घर पालथं घातलं. बेडरूमच्या खिडकीत, गजाबाहेर हात काढून फोन वर धरला तरच रेंज येते असं सिद्ध झालं. कुणीतरी धरून उभं राहायला हवं. कन्या लायब्ररीत. ही पलंगावर वही मांडून बसलेली. उरलं कोण?
तासभर धरला. माणूस समोर उभा असला की सर जपून बोलतील. याला पाळत ठेवणं म्हणतात. शेवटी सर म्हणाले, तुमच्या मिस्टरांना धन्यवाद सांगा. म्हणजे मिस्टर नावाची व्यक्ती अस्तित्वात आहे हे त्यांना कळलं. पहिली फेरी आपण जिंकली.

१० फेब्रुवारी
खांदा धरला आहे. ऑफिसात शर्टाची बाही दुमडायला शिपायाची मदत घ्यावी लागली.
आज सर हिच्या रेषेचं कौतुक करायला लागले. हिची रेष म्हणे धीट आहे. तेवढ्यात माझा हात सहज वीतभर खाली आला आणि आवाज गेला. ही म्हणाली, अहो, हात वर. वर केला. सर म्हणाले, ऐकू आलं नसेल तर पुन्हा सांगतो. आणि तेच कौतुक नव्याने, आणखी घोळवून केलं. दुसऱ्यांदा करताना रेष नुसती धीट नव्हती, देखणीही झाली होती.
परपुरुषाचा आवाज बायकोला स्वच्छ ऐकू यावा म्हणून नवरा खिडकीत हात वर करून उभा आहे. हे दृश्य खालून कसं दिसत असेल? समोरच्या बिल्डिंगमधल्या दंतवैद्याने मला हात केला.

११ फेब्रुवारी, दुपार
हिच्या नकळत वायरवाल्यांना फोन केला. माघार नव्हे, फेरविचार. बाई गोड आवाजात म्हणाली, आमचा माणूस निघालाच आहे. हे वाक्य मी रोज लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना सांगतो. त्याची किंमत मला ठाऊक आहे.

१३ फेब्रुवारी
मोठी घडामोड! क्लासचा नवा अभ्यास: जिवंत माणूस समोर ठेवून त्याच्या चेहऱ्यावरचा एक भाव पकडायचा. हिने माणूस निवडला तो मी. सर बोलत होते, मी फोन धरून उभा होतो आणि ही माझ्याकडे बघत होती. टॅब चक्क उपडा ठेवला होता. सर तोंडघशी!
लग्नानंतर हिने माझ्याकडे सलग इतका वेळ पाहिल्याचं आठवत नाही. मी जरा हसलो तर म्हणाली, हसू नका, सर बोलत असताना होता तसाच चेहरा ठेवा. म्हणजे गंभीर. कोणता भाव काढते आहे ते सांगत नाही. मी ओळखलं आहे. जिव्हाळा. फार तर कर्तव्यनिष्ठा.

१४ फेब्रुवारी
वायरवाल्यांना कळवलं, माणूस पाठवू नका. म्हणाले, निघालाच नव्हता.
केस कापले. लिफ्टचे व्हिडिओ पूर्ण बंद. क्लास मध्येच तुटून चालणार नाही. आजपासून इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहतो. हात सुन्न होतो. होऊ दे. ही अधूनमधून पेन्सिल आडवी धरून माझं नाक मोजते. सरांचं नाक कधी मोजलं होतं का? नाही.

१९ फेब्रुवारी
हिचं चित्र वर्गात पहिलं आलं. कन्येने तिच्या फोनवर दाखवलं. माझे डोळे एका कोपऱ्यात सरकलेले, नाकपुड्या फुगलेल्या, ओठ असे आवळलेले की आत टाचण्या धरल्या असाव्यात. खाली हिच्या सुबक अक्षरात चित्राचं नाव: मत्सर.
क्लासच्या ग्रुपवर सरांचा व्हॉइस मेसेजही होता. इतक्या वर्षांत हा भाव इतका नेमका कुणी पकडला नव्हता, असा मॉडेल मिळाला कुठे? हिने उत्तर दिलं होतं, घरचाच आहे. बाकीच्या मॅडमनी टाळ्या पाठवल्या होत्या.
मी म्हटलं, नाक मोठं झालं आहे. कन्या म्हणाली, नाकच सगळ्यात जमलं आहे.
मग हिला विचारलं. कणीक मळता मळता ही शांतपणे म्हणाली, राउटर काढलात त्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, बघू या, किती दिवस हात वर धरताय.
संताप आला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण इथे खोटं कशाला लिहू, इतके दिवस ही माझ्याकडेच बघत होती, आणि बघून बरोब्बर ओळखत होती, याचा आतल्या आत आनंदही झाला. ठरवलं आहे, वायर परत घ्यायची नाही. मी असाच उभा राहणार. चेहऱ्यावर इतरही भाव आहेत. औदार्य आहे, क्षमा आहे. हिला ते सगळे काढायला वर्ष पुरणार नाही.

२१ फेब्रुवारी
आरशासमोर औदार्याचा सराव केला. सातला पाच मिनिटं असताना खिडकीत हजर.
नवा अभ्यास: निर्जीव वस्तू.
हिने खिडकीपाशी स्टूल ठेवलं आणि त्यावर स्वयंपाकघरातली किटली. कन्येची आज नेमकी लायब्ररी बंद. तिने केसांचं रबर काढलं आणि फोन गजाला बांधून टाकला. रेंज पूर्ण आली. म्हणाली, बाबा, इतके दिवस तुमच्या तळहातानेच सिग्नल अडत होता. सरांचा आवाज स्वच्छ आला. मग व्हिडिओसुद्धा. बनियनसकट.
ही मला म्हणाली, तुम्ही आता मोकळे झालात, बसा निवांत.
बसलो. सरांकडे ही ढुंकूनही बघत नव्हती. एक डोळा बारीक करून, श्वास रोखून किटलीकडे बघत होती. मध्येच उठून तिचा दांडा हलकेच उजेडाकडे वळवला. स्वतःशीच हसली. परत बसून बघायला लागली.
किटली पोचे आलेली आहे. झाकण नीट बसत नाही. चहा ओतला की थेंब खाली गळतो. असं काय आहे त्या किटलीत?