बंपर निकेलवरच थांबवलाय

थोरल्या,

शेडला कुलूप मी लावलंय आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. उगाच शोधत घर उलथंपालथं करू नकोस. गाडीवाल्याचा बंपर टेम्पोत घालून मीच त्याच्याकडे घेऊन चाललेय. निकेलचा मुलामा तू चढवलास तेवढा पुरे, वर क्रोमचा चढणार नाही. निकेलची चमक जरा पिवळसर असते, पण जुन्या गाडीला तीच शोभते. त्यानं तोंड वाकडं केलं तर पावडर कोटिंग करून देते म्हणेन. क्रोमच्या हौदात तू पुन्हा वाकायचं नाहीस.

जन्मात स्वतःचा कप विसळला नाहीस, आणि आता गुपचूप उशीचा अभ्रा धुतोस? आईला डोळे नाहीत होय रे? त्या क्रोमच्या वाफेनं नाकातून रक्त येतं, हे मला शिकवू नकोस. तुझा बापही शेवटी शेवटी असाच अभ्रे धुवायचा.

जेवण झाकून ठेवलंय. कुलूप तोडायला तुला वेळ लागायचा नाही, पण मी येईपर्यंत थांब. आजवर कुणापुढे हात जोडले नाहीत. आज त्या गाडीवाल्यापुढे जोडायला निघालेय.

आई