फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

कोंढा, ता. २२ नोव्हेंबर १९७९

चि. सौ. मंदाले मायचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूले नमस्कार, धाकट्याचा पापा. इकडं सगळे बरे आहेत.

तं काल सगळ्यात आधी आली चंद्रभागाबाई, नवऱ्या पोराची आत्या. बाकीचे पाहुणे फाट्यावर उतरून पान खात राहिले अन् हे एकटीच तरातरा दारात. आपल्या पुंडलिकदादाच्या कुसुमले पाहाले तूच धाडले होते त्याईले, पण मले कुठी ठाऊक? काहून नव्हतं, ते सांगतो. कुसुम म्हणे, आजी, पत्र मी लिहून देतो. मी म्हटलं, नको. हे माह्याच हातानं लिहायचं आहे, वेळ लागला तं लागला.

धानकापणी चालू आहे. घरी दिवसा मी एकटीच, म्हणून पोस्टमन आपलं टपाल माह्यापाशी ओसरीवर टाकते. मले वाचाले झटपट येत नाही, पण वाटणी बराबर करतो. हळदी-कुंकू लागलेलं कार्ड देवापाशी. निळं पत्र सुनेच्या माहेरचं, ते तिच्या डब्यात. सरकारी खाकी लिफाफा पुंडलिकच्या कोटाच्या खिशात. हात आपोआप जाते, डोकं लागतच नाही. अन् कोपरा फाटलेलं कार्ड आलं, म्हणजे मयताचं, तं ते घरात न्यायचंच नाही. बैलाच्या कोठ्यात वळचणीले खोचायचं. बाप्या माणूस आला की बाहेरच वाचते, फाडते अन् आंघोळ करूनच आत येते. माह्या सासूपासून हेच चालू आहे.

सोमवारी तसंच कार्ड आलं, हात कोठ्याकडंच गेला. खोचलं, अन् मग शिक्क्याकडं नजर गेली. एक एक अक्षर लावलं. आंधळगाव.

यंदा वांगे चांगले आले आहेत बरं. मी बसून टोपलंभर चिरले, खाणारे चौघं अन् भाजी वीस जणाची. तुही वहिनी रुखमा ओरडली, आत्याबाई, लग्न आहे काय घरी? मी चिरतच राहिली. आंधळगावात तुह्याशिवाय आपलं कोण आहे? धाकट्याच्या वेळेस तू कशी वाचली ते सुईणीले अन् मलेच माहीत. आता पुन्हा दिवस भरत आले तुहे.

पुंडलिक जेवाले आला. सांगावं म्हटलं, अन् भात वाढला. दुसऱ्या दिवशीही वाढला. तोंड उघडलं की तो कोठ्यात जाईन, वाचन, अन् मग ते खरं होईन. वळचणीले आहे तवरी तू आहे, असं मनात धरलं. कोठ्यात शेण काढाले मीच जाऊन राहिली, रुखमाले जाऊ दिलं नाही. कार्डाकडं पाठ करून काढलं.

अन् काल हे बाई दारात. हातात पिशवी नाही, काही नाही. पाणी दिलं तं म्हणे, राहू द्या, सगळे आल्यावर घेतो. पुंडलिकराव कुठी आहेत, मोठ्या माणसासंगच बोलायचं आहे. मंदा, निरोप आणणारा असाच वागते नं? पाणी घेत नाही, बाप्या माणसाले विचारते. उंबऱ्यावर बसली अन् तिचा पदर धरला.

"माही मंदा आहे का नाही, तेवढं सांग."

ते घाबरलीच. "आहे नं बाई. सकाळी तिच्याच हातचा चहा पिऊन निघाली मी. कार्ड नाही भेटलं काय तुम्हाले?"

मग तिनंच सांगितलं. पाहुणे येतात म्हणून कार्ड तू लिहिलं, धाकट्यानं कोपरा चावला, दुसरं कार्ड घरात नव्हतं, जावईबापूनं तसंच पेटीत टाकलं. मंदा, तू या घरात वाढली. पंधरा पैशाचं कार्ड नसतं भेटलं काय गं? मी रडलीही अन् हासलीही, चंद्रभागाबाईले वाटलं पोरीची आजी येडी आहे, मले वाटलं आता सोयरीक मोडते. कुसुम धानाच्या बांधीतून आली ते पायाले चिखल, केसात धानाचा भुसा. पोराचे वडील वासुदेवराव म्हणाले, पोरगी कामाची दिसते. पसंत आहे त्याईले. मी तं पोराचं तोंडही धड पाहिलं नाही, चंद्रभागाबाईलेच विचारत राहिली. मंदा चालते काय, जेवते काय, पाय सुजले काय.

बाई, मले आज आनंद आहे. बाळंतपणाले आता इकडंच ये, नाही म्हणू नको. वासुदेवराव लग्नाच्या बैठकीले परत येणार आहेत, जीप करून, अन् येताना तुले संगं आणतो म्हणाले. त्या जीपमधून तू उतरली की मगच मी रुखमाले सांगीन, दोन दिवस मी काय पोटात धरून होती ते.

तुही वाट पाहणारी माय,
गोदावरी

वासुदेवराव मंगळवारी येतो म्हणून गेले.