फायदे पाच, तोटे चार

॥ श्री ॥
झाडगाव, रत्नागिरी
ता. १८ सप्टेंबर १९५४

चि. दत्ताराम यास लवूमामाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या इतिहासाच्या दोन जाड पुस्तकांची खरी किंमत तुला कळवायला बसलो आहे. दुकानदाराने तुझ्याकडून काय घेतले ते सोड. इकडे तुझ्या आईने, राहीने, दुभती म्हैस विकली. राहीच्या घरात आता ताक नाही, आणि तुझी बहीण तुळसा शेजारच्या दारात भांडे घेऊन उभी राहते. राही म्हणते, दत्ताराम मामलेदार झाला की म्हशीच म्हशी.

एवढी किंमत मोजून आत काय मिळाले, ते मी मे महिन्यात ऐकले. मी पडवीत आंब्याच्या पेट्या ठोकत होतो, तू माजघरात पाठ करत होतास. सकाळी इंग्रजांनी रेल्वे आणली, तार आणली, न्याय आणला. (रत्नागिरीत रेल्वे अजून यायची आहे, हे लिहितोस की नाही?) जेवून उठलास आणि त्याच सुरात इंग्रजांनी विणकर बुडवले, दुष्काळात धान्य बाहेर नेले. आवाज कुठे अडला नाही की चढला नाही. फळीत गाठ लागली तर माझी हातोडीसुद्धा वेगळी वाजते रे! मला शिसारी आली. पंगतीतच सुनावले असते, पण तुझी आई वाढत होती.

खाणावळीत पोटभर जेव. माया आहे तेवढीच आहे, वर थोडा राग आहे. कळावे.

तुझा मामा,
लवू धाकू शिवलकर


गिरगाव, मुंबई
ता. २७ सप्टेंबर १९५४

ती. स्व. लवूमामांस दत्तारामचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा राग पोचला, आणि त्याच टपालात लेखी परीक्षेचा निकालही पोचला. पास झालो! आता फक्त मुलाखत उरली, तीन नोव्हेंबरला. आईला तुम्हीच जाऊन सांगा, पत्र वाचून घ्यायला ती कुणाकडे धावेल.

पाठांतराचे म्हणाल, तर आमच्या क्लासचे सबनीस मास्तर सांगतात, पेपर तपासणारा जुन्या जमान्यातला, म्हणून फायदे पाच आणि तोटे चार लिहायचे. मुलाखतीला खादीवाले बसणार, तिथे उलट बोलायचे. मामा, तुम्ही तरी दलालासाठी पेटीच्या वरच्या थरात मोठे आंबे लावताच ना?

पण तुमच्यापुढे मान खाली घालावी अशी एक गोष्ट आहे. आई नेहमी सांगते, मामाचा पाय शिरोड्याच्या साली मोडला. मिठाच्या सत्याग्रहात लाठीने मोडलेला पाय घेऊन तुम्ही चोवीस वर्षे बाजार फिरलात आणि अवाक्षर काढले नाहीत. मी मास्तरांना सांगितले. त्यांनी भर वर्गात मला उभे करून जाहीर केले की आपण पुस्तकात इतिहास शोधतो, याच्या घरात तो लंगडत चालतो. टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आले. मुलाखतीत हे निघाले तर जागा नक्की, असे ते म्हणतात. तिथल्या खादीवाल्यांच्या कमिटीच्या भाऊंकडून, तुम्ही सत्याग्रहात होतात असा दोन ओळींचा दाखला तेवढा पाठवावा. मास्तरांनी भाऊंना लिहिलेच आहे.

तुमचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपला,
दत्ताराम


॥ श्री ॥
झाडगाव, रत्नागिरी
ता. ६ ऑक्टोबर १९५४

चि. दत्ताराम यास अ. उ. आ. वि. वि.

पास झालास, छाती फुगली. राहीने आळीभर गूळ वाटला आणि वाटता वाटता रडली. वरच्या थरात मी मोठे आंबे लावतो, कबूल. पण खाली बटाटे भरत नाही.

दाखल्यासाठी मला जावे लागले नाही. भाऊ स्वतः आले. चहा घेतला, मग विचारले, कुठला पाय? डावा म्हटल्यावर म्हणाले, गुडघा लिहू की घोटा? मी म्हटले, तुम्ही तेव्हा कुठे होतात? तर म्हणतात, ते कोण विचारतो, मी डोळ्यांनी पाहिले असे लिहितो. हवा तर तीन महिने तुरुंगही घालतो. जसा काही आमटीत गूळ घालायचा! ज्यांची डोकी खरोखर फुटली त्यांच्या नावाने हा माणूस माझ्या ओट्यावर बसून भाव करत होता. उठताना माझ्या आंब्याच्या कलमांकडे नजर टाकून म्हणाले, वैशाखात दोन पेट्या आमच्याकडे पाठव, पहिल्या तोडीच्या.

हा सूर माझ्या कानांच्या ओळखीचा आहे. खोताचा कारकून असाच बोलायचा. साहेबाच्या बंगल्यावर दरसाल डाली जायची, म्हणजे निवडक फळांची टोपली, फुकट. ती तुझ्या फायद्यातही नाही आणि तोट्यातही नाही. साहेब बोटीत बसून गेला, टोपलीची पेटी झाली, एवढाच फरक मला दिसतो.

दाखला मी घेणार नाही. भाऊंना चहावर पान दिले आणि वाटेला लावले. जागा गेली तर राहीला मी तोंड देईन, तिच्या शिव्या मी खाईन. म्हैसही माझ्या गोठ्यातली नेऊन बांधीन. मुलाखतीत मामाचे विचारले तर म्हण, पेट्या ठोकतो. त्याला कुणाचा शिक्का लागत नाही.

पाठ केलेले एखादे वाक्य तरी तुझ्या स्वतःच्या आवाजात बोलून ये. निकाल कसाही लागो, देवदिवाळीला घरी ये. तुझे पान मांडलेले असेल.

तुझा मामा,
लवू धाकू शिवलकर

ता. क. साल राहीने बरोबर सांगितले. त्या वैशाखात माणसे शिरोड्याला मीठ उचलायला गेली. मी पंधरा वर्षांचा, खोताच्या बागेत रोजावर होतो. कलेक्टरसाहेबाच्या डालीसाठी शेंड्यावरचे आंबे काढताना फांदी मोडली आणि मी खाली पडलो.